माझं पत्रक फाडून द्या : अकरा माड, एक मानकुराद आणि रविवारची ग्रामसभा

कुळागरची_सून
नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचायलाच येते, पण आज अडलंय. आमचा गाव फोंडा तालुक्यात, नाव सांगत नाही कारण इथले निम्मे लोक ओळखीचे निघतील. वाड्यावर यायचा रस्ता पाच मीटर करायचं घाटतंय, त्यात अकरा माड आणि एक म्हातारा मानकुराद आंबा जाणार. रविवारी ग्रामसभा. मी एम.ए. मराठी म्हणून वाड्यावरच्या बायकांनी पत्रकाचं काम माझ्या गळ्यात घातलं, मी एका रात्रीत लिहिलं, सगळ्यांना भयंकर आवडलं, एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मग समोरच्या घरातला दादा आला, तो रुंदीकरणाच्या बाजूचा, त्याने ओसरीवर चहा पीत पीत ओळ न ओळ सोलली आणि उठताना म्हणाला, "वयनी, बरयलां बरें, पूण तातूंत आसा कितें?" म्हणजे लिहिलंय छान, पण त्यात आहे काय? तेव्हापासून डोक्यात किडा. तर हे पत्रक, जसंच्या तसं (भाट म्हणजे आमच्याकडे माडांची बाग) :

"आज अकरा माड, उद्या अख्खं भाट, परवा तुमचं घर! ज्या माडांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलं त्यांचे अश्रू कोण पुसणार? आपल्या पणजोबांनी याच वाटेवरून बैलगाड्या हाकल्या, त्यांचं कधी अडलं नाही. शेजारच्या गावात रस्ता रुंद झाला आणि दोनच महिन्यांत अपघात झाला. थोर शास्त्रज्ञ सांगतात, झाडं तोडणं म्हणजे आत्महत्या. अख्खा गाव विरोधात आहे. जो रुंदीकरणाच्या बाजूने बोलतो तो बिल्डरचा माणूस. बोला, तुम्ही झाडांच्या बाजूने की पैशाच्या?"

फाडा. खरंच फाडा, रागावणार नाही.

डिचोलीचा_दिगू
"थोर शास्त्रज्ञ" म्हणजे कोण? 😄

कुळागरची_सून
माहीत नाही रे. व्हॉट्सॅपवर आलं होतं.

निवृत्त_मास्तर
बाय, रागावणार नाहीस म्हणालीस म्हणून लिहितो, एकतीस वर्षं निबंध तपासलेत तेव्हा हात लाल पेनाकडे जातोच. दादा बरोबर बोलला. पण तुझ्या चुका नवीन नाहीत, त्यांना नावं आपल्या आज्यांनीच देऊन ठेवलीत. "आज माड, उद्या भाट, परवा घर" हे 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी'. असं होतच नाही असं मी म्हणत नाही, गोव्यात तर होतंच, पण ओसरीपासून माजघरापर्यंत तो भट कुठल्या दाराने गेला ते दाखवावं लागतं, मधल्या पायऱ्या गाळल्यास तर ती नुसती धमकी. शेजारच्या गावातला अपघात म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला, शास्त्रकार त्याला काकतालीय न्याय म्हणतात. अपघात वेगाने झाला, दारूने झाला की वळणाने, काही चौकशी केलीस? थोर शास्त्रज्ञ म्हणजे 'बाबा वाक्यं प्रमाणम्'. 'अख्खा गाव' म्हणजे गड्डलिकाप्रवाह, एक मेंढरू गेलं की मागून सगळी, आणि इथे तर अख्खा गाव नाहीच, दादा गावातलाच ना? बिल्डरची ओळ सगळ्यात वाईट. दादाने काय मुद्दा मांडला ते बाजूला आणि त्याचा मालक कोण ते पुढे.

आता थोडं लांबड लावतो, कंटाळा आला तर खाली सरका. आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितलेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते हवंय. जल्प म्हणजे जिंकायचंय, त्यासाठी शब्दच्छल चालतो, खोड्या चालतात. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी मोडायची, आपण वितंडवाद म्हणतो तो शब्द तिथलाच. तुझं पत्रक जल्प आहे. वितंडा नाही हे मुद्दाम सांगतो, कारण तुला काहीतरी वाचवायचंय.

तिथेच अनुमान कसं मांडायचं तेही आहे, पाच अवयव. डोंगरावर आग आहे ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर इथे आहे हा उपनय, म्हणून डोंगरावर आग आहे हे निगमन. सगळी मेख तिसऱ्यात, 'जिथे धूर तिथे आग' या व्याप्तीत. ती उलटी केलीस की फसलीस. जिथे आग तिथे धूर, असं नाही ना! नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात, आग आहे आणि धुराचा पत्ता नाही, कारण धूर यायला लाकूड ओलं लागतं. त्या ओल्या लाकडाला ते उपाधी म्हणतात. कुणी काही छातीठोक सांगितलं की मी मनात म्हणतो, ह्यातलं ओलं लाकूड कुठलं? 'जो बिल्डरचा तो रुंदीकरणाच्या बाजूचा' हे एक वेळ खरं धरू. त्यावरून 'जो रुंदीकरणाच्या बाजूचा तो बिल्डरचा' कसं निघेल?

पत्रकाला दहापैकी भाषेला आठ, मुद्द्याला दोन.

साखळीकर
मास्तर भारी, पण एक शंका. तुम्ही तिला म्हणींनी झोडपलंत, पण म्हण तरी पुरावा आहे का? आमच्या घरी वडील प्रत्येक भांडण म्हणीने संपवतात आणि समोरचा गप्प बसतो, कारण म्हणीला उत्तर देणार काय. बरं, हवी ती बाजू घ्यायला म्हण तयार असते. लोकांचं ऐकायचं असेल तर पाचामुखी परमेश्वर, नसेल ऐकायचं तर ऐकावे जनाचे करावे मनाचे. घाई करायची असेल तर शुभस्य शीघ्रम्, नसेल तर उतावळा नवरा. आणि 'खाई त्याला खवखवे' तर अत्यंत डेंजर, कारण माणूस नाही म्हणाला की तोच पुरावा झाला. नाही म्हणाला तर चोर आणि गप्प बसला तरी चोरच.

निवृत्त_मास्तर
साखळीकर, पकडलंत! शाळेत आपण ज्याला अर्थान्तरन्यास म्हणतो तो हाच, एका गोष्टीवरून सर्वसाधारण सिद्धांत सांगायचा किंवा सिद्धांताला गोष्टीचं टेकू द्यायचं. अलंकार म्हणून झकास. पुरावा म्हणून काही नाही. मी म्हणी नावं म्हणून वापरल्या, पण वापरताना मलाही जिंकल्यासारखं वाटलं हे कबूल.

पेडण्याची_प्राजू
मला उलट बोलायचंय. सगळेजण तिच्या 'अश्रू कोण पुसणार' वर नाक मुरडणार हे मला माहीत आहे, पण चेतनगुणोक्ती हा काय गुन्हा आहे का? माझे आजोबा कीर्तन करायचे, आमच्याकडे देवळात सप्ताहाला मी पेटीजवळ बसून ऐकलेलं आहे. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, एक अभंग घ्यायचा आणि त्याचं निरूपण करायचं, शब्द सोडवायचे, शंका काढायच्या, उत्तरं द्यायची. मग नामाचा गजर, बुवांना हार, बुक्का, तेवढ्यात पोरं बाहेर चणे खाऊन येतात. आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. बायका रडतात त्या आख्यानाला. पण आख्यान पूर्वरंगातल्या मुद्द्यासाठीच निवडलेलं असतं, बुवा शेवटी फिरून त्या अभंगावर येतात. आजोबा म्हणायचे, आख्यान चुकलं तर लोक माफ करतील पण फिरून आला नाहीस तर तू नुसता गोष्टी सांगणारा.

मला वाटतं हल्ली जे फॉरवर्ड येतात ना, त्यात सगळं आख्यानच असतं. 'एक म्हातारी होती, ती दवाखान्यात गेली' इथून सुरुवात, मग पावसाचं वर्णन, फाटक्या साडीचं वर्णन, आणि शेवटच्या ओळीत हळूच 'म्हणून अमुक कायदा रद्द करा'. कथन आणि वर्णन करता करता युक्तिवाद मागच्या दाराने आत. आणि गोष्टीला खोडता येत नाही हो, म्हातारीला खोटी कोण म्हणणार, म्हणालं तर आपणच निष्ठुर. तेव्हा ताई तुझा प्रॉब्लेम अश्रू हा नाही, पूर्वरंगच नाही हा आहे.

डिचोलीचा_दिगू
प्राजूच्या पोस्टला दंडवत. चणे तर मीपण खाल्लेत.

वकीलीणबाई_पणजी
कामाच्या मधल्या सुट्टीत लिहितेय, चुका पोटात घाला. माडांवरून आठवलं म्हणून. शब्दाची व्याख्या हातात असली की वाद करायचीही गरज पडत नाही. आपला झाडं राखायचा कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन माड त्या कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बाहेर गेला आणि वाद काय झाला, तर माडाला फांद्या नसतात, तेव्हा ते झाड आहे का! वनस्पतिशास्त्रात माड ताडाच्या कुळातला हे खरंच आहे, पण परवानगीशिवाय कापावा की नाही याच्याशी फांद्यांचा संबंध काय? २०१७ मध्ये माड परत यादीत आला आणि राज्यवृक्षही झाला. मास्तरांच्या न्यायसूत्रांत याला वाक्‌छल म्हणतात बहुतेक, ते 'नवकंबल' वालं, माणूस म्हणतो माझ्याकडे नवी घोंगडी आहे आणि समोरचा म्हणतो नऊ कुठे, एकच तर दिसते.

कु. सून, तुम्हाला सल्ला : अकरा माड आणि आंबा कापायला रीतसर परवानगी मागितली आहे का, ते आधी लेखी विचारा. हा प्रश्न तुमच्या अख्ख्या पत्रकापेक्षा जड आहे.

मडगावचो_बाबू
सगळे न्याय नि अलंकार ठीक, पण गोव्यात प्रचाराची भाषा शिकायची असेल तर ओपिनियन पोलपेक्षा मोठी शाळा नाही. १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा यावरचं मतदान. वडील तेव्हा बावीस वर्षांचे, घरात दोन तट, जेवणाच्या पाटावर बोलणं बंद. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. आता तुमचं ते 'झाडांच्या बाजूने की पैशाच्या' बघा. मतपत्रिकेवर तिसरी खूणच नव्हती! स्वतंत्र घटकराज्य ही गोष्ट त्या कागदावर कुठेच नव्हती, ती आली ३० मे १९८७ ला, म्हणजे वीस वर्षांनी. आमचे वडील म्हणायचे, मला दोन्ही नको होतं पण बोट एकावरच ठेवायचं होतं.

दुसरं. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवाला, असं तेव्हा लोक धरून चालायचे, अजूनही चालतात. आणि विलीनीकरणाच्या विरोधात तुटून पडलेलं 'राष्ट्रमत' कुठल्या भाषेत निघायचं? मराठीत! मडगावातून! मास्तरांची ती व्याप्ती तिथेच फुटली. मराठी वाचकाला पटवायचं तर मराठीतच लिहावं लागणार हे त्या लोकांना कळत होतं.

आणि तिसरं, भीती दाखवली की लगेच 'तर्कदोष तर्कदोष' करू नका. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला कुणी सांगितलं की तिकडे गेलास तर तुझा धंदा जाईल, तर ती भीती हवेतली का? भीतीला बूड आहे का ते बघायचं. बूड असलं तर तो मुद्दाच आहे, आवाज कितीही चढवून सांगितला तरी.

साखळीकर
बाबू, त्या पोलवर लोक साठ वर्षं भांडतायत, इथे सुरू करू नका हां.

मडगावचो_बाबू
मी भांडत नाही, मी मोजतोय.

तर्कटराव
वाह, काय धागा आहे. पण तुम्ही सगळे एवढा वेळ का घालवताय? पत्रकात किमान सहा तर्कदोष आहेत, म्हणजे रुंदीकरणाला विरोध चुकीचा ठरला, विषय संपला. बाकी प्राजूताईंची पोस्ट म्हणजे निव्वळ भावनेला हात आणि मडगाववाल्यांची म्हणजे किस्सा. वडिलांचं वाक्य हा पुरावा नसतो.

पेडण्याची_प्राजू
तर्कटराव, पत्रक लंगडं आहे म्हणून झाडं कापावीत असं कसं निघालं? उद्या एखादा बोबडा माणूस म्हणाला की सूर्य पूर्वेला उगवतो तर तुम्ही पश्चिमेकडे बघत बसणार का? वाईट वकील मिळाला म्हणून आरोपी दोषी होत नाही, विचारा वकीलीणबाईंना. आणि बाबूंनी वडिलांचं वाक्य पुरावा म्हणून दिलंच नाही, पुरावा मतपत्रिका आहे, वाक्य तिच्यावरचा बुक्का. तुम्ही त्यांनी न मांडलेला मुद्दा धोपटताय, साप साप म्हणून भुई.

वकीलीणबाई_पणजी
आरोपीचं बरोबर सांगितलं. पण फी वाईट वकीलही तेवढीच घेतो.

तर्कटराव
बरं बुवा, सहातला एक माझा धरा.

कुळागरची_सून
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. दोन दिवस फोन हातात घेतला नाही कारण पत्रक नव्याने लिहीत होते, आणि दुसरं म्हणजे मी दादाकडे गेले. मास्तर म्हणाले ना मुद्दा बाजूला आणि मालक पुढे, ते लागलं. मी आजवर त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा तुला रस्ता का हवाय. बसले त्याच्या ओट्यावर. तो म्हणाला, गेल्या पावसात आई पडली तेव्हा रुग्णवाहिका वळणापर्यंतच आली, पुढे घुसेना, मग खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेली, भिजत. आई आता बरी आहे. तो एवढंच बोलला, हातवारे नाहीत, काही नाही, आणि मला माझा तो 'अश्रू कोण पुसणार' आठवून एवढी लाज वाटली की काय सांगू. मग घरी येताना प्राजूचं आठवलं, हेही आख्यानच, आणि ह्याला खोडायला गेले तर मीच निष्ठुर. पण ह्याचा पूर्वरंग काय? रुग्णवाहिका अडली, बरोबर. कुठे अडली, कशाने अडली? झाडांनीच का? हे त्यालाही सांगता येईना, रात्र होती आणि पाऊस होता.

तर नवं पत्रक हे :

"रस्ता पाच मीटर करण्यासाठी अकरा माड आणि एक आंबा जाणार आहे. रुग्णवाहिका आत यायलाच हवी, याबद्दल वाड्यावर कुणाचं दुमत नाही. गेल्या पावसात आमच्या शेजारच्या आजींना खुर्चीतून उचलून न्यावं लागलं. आमचं मागणं एवढंच : कुठलं वाहन कुठे अडतं ते आधी मोजावं आणि झाडांचा निर्णय त्यानंतर घ्यावा. झाडं कापायची परवानगी मागितली आहे का, आणि मागितली असेल तर कुणी, हे ग्रामसभेत सांगावं. ज्यांच्या झाडांची पाळी आली आहे ती झाडं वर्षाला किती नारळ देतात याचा हिशेब सोबत जोडला आहे."

दादाला दाखवलं. त्याने आजींचं वाक्य ठेवायला हो म्हटलं, फक्त 'भिजत' हा शब्द होता तो काढायला लावला, म्हणाला आईला आवडणार नाही.

निवृत्त_मास्तर
आता भाषेला सात, मुद्द्याला आठ. भाषेचा एक कमी झाला तो नारळांच्या वाक्याला, 'ज्यांच्या झाडांची पाळी' वाचताना अडखळलो.

डिचोलीचा_दिगू
पण ह्या पत्रकाने कोण रडणार?

पेडण्याची_प्राजू
दिगू, 'खुर्चीतून उचलून' परत वाच.

डिचोलीचा_दिगू
हं.

साखळीकर
काय झालं रविवारी? धागा वर आणतोय.

कुळागरची_सून
सांगते, हसू नका. ग्रामसभेत अर्धा तास कचऱ्यावर गेला, मग आमचा विषय. एका काकांनी उठून अगदी माझं पहिलं पत्रक बोलावं तसं भाषण केलं, माझ्याच बाजूने, 'आज माड उद्या भाट' सकट, टाळ्या पण पडल्या, आणि मी खाली मान घालून बसले. परवानगीचा प्रश्न मी विचारला त्यावर एवढंच उत्तर आलं की अजून अर्ज केलेला नाही. मग दादा उठला. मला वाटलं आता संपलं. तो म्हणाला, वयनी म्हणते तसं आधी मोजूया, मला गाडी आत आली की झालं, माड कापायची हौस नाही. त्यावर ठरलं की मोजायचं.

मंगळवारी दोन पंच, पंचायतीचा एक माणूस, दादा, मी आणि वाड्यावरची सगळी पोरं टेप घेऊन निघालो. माडांपाशी रस्ता साडेतीन मीटर आणि थोडा वर. आंब्यापाशी पावणेचार. आणि वळणावर, जिथे गाडी अडली होती तिथे, दोन मीटर साठ. त्या वळणावर एकही झाड नाही. तिथे आहे आमचा गडगा. सासऱ्यांनी १९९८ साली बांधलेला, चिऱ्यांचा, वर तुळशीच्या कुंड्या. टेप धरणारा पोरगा आकडा मोठ्याने दोनदा ओरडला.

दादा काही बोलला नाही. टेप गुंडाळून माझ्या हातात दिला फक्त.

मडगावचो_बाबू
🙏😂

वकीलीणबाई_पणजी
गडग्याची परवानगी घेतली होती का हे मी विचारत नाही.

कुळागरची_सून
नका विचारू. सासरे काल रात्रीपासून म्हणतायत की पणजोबांच्या वेळी याच वाटेवरून बैलगाड्या जायच्या, कुणाचं कधी अडलं नाही.